चालत घरी आला म्हणून

दोन मिनिटं न हलता उभं राहणं मला आयुष्यात एकदाही जमलेलं नाही. बसथांब्यावर मी येरझाऱ्या घालते, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत तीन खुर्च्या बदलते, देवळात आरती चालू असली तरी माझा हात कुठल्या तरी कडीशी चाळा करत असतो. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. सासूबाई म्हणतात, हिच्या अंगात मुंग्या हायेत. अशा बाईला कंपनीने काय काम द्यावं? तर तीस जानेवारीला भोंगा वाजवून चारपाचशे माणसांना दोन मिनिटं जागच्या जागी उभं करण्याचं.

आमची कंपनी पावणे गावाजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. रंगांना लागणारी रसायनं बनवतो आम्ही. मी आधी टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहीत होते, मग सेफ्टी खात्यात क्लार्क झाले. भोंग्याचं बटण माझ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आहे. राष्ट्रपित्याला गोळ्या घातल्या तो दिवस देशभर हुतात्मा दिन म्हणून पाळतात, स्वातंत्र्यासाठी गेलेल्या सगळ्यांच्या आठवणीचा. दरवर्षी सरकारी पत्रक येतं. अकराला एक मिनिट कमी असताना भोंगा सुरू करायचा, ठोक्याला बंद करायचा. मग दोन मिनिटं मौन. मग पुन्हा मिनिटभर भोंगा, म्हणजे लोकांनी हलायला हरकत नाही.

त्या दोन मिनिटांत सगळा कारखाना माना खाली घालून उभा असतो आणि मी घड्याळाकडे बघत असते. एक हात बटणाशी, दुसऱ्या हातात पेन, त्याची टकटक चालू. दुसरा भोंगा चुकता कामा नये, एवढंच डोक्यात. एकवीस वर्षं मी मौन वाजवलं, पाळलं कधीच नाही. आणि खरं सांगते, मला ते बरंच वाटायचं. गप्प उभं राहिलं की माझ्या डोक्यात नको त्या गोष्टी यायला लागतात.

नोकरी लागायच्या आधीची एक तीस जानेवारी मात्र मी घरी काढली होती. लग्नाचं पहिलंच वर्ष. माझं माहेर पेणकडचं, सासर पावण्याच्या पलीकडे खाडीकडच्या गावठाणात. सकाळी मी दारापुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते आणि सासूबाई शेजारी परात घेऊन सुके बोंबील साफ करत होत्या. कंपनीचा भोंगा झाला. त्यांनी परात बाजूला सारली, हात पदराला पुसले, चपला काढल्या आणि ओट्याच्या कडेला खाडीकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या. मला वाटलं गॅस सुटला. मी ओरडले, "आई, काय झालं?" त्या हलल्या नाहीत. मी दंडाला धरून हलवलं, तरी नाही. तेवढ्यात मांजर आलं, परातीतला एक बोंबील उचलून आरामात चालतं झालं, तरी बाई हलेना. मग दुसरा भोंगा झाला. त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "मांजरीला हाकलाला तुना काय झाला होता गो?"

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. पुढे ती मी इतक्यांदा ऐकली की आता माझ्याच घरातली वाटते.

सासूबाईंनी वडिलांना पाहिलेलं नाही. ते गेले तेव्हा त्या पोटात होत्या. वडील मिठागरात कामाला. बेचाळीसच्या अखेरीला तालुक्याच्या गावी मोर्चा निघाला, खाडीकाठच्या गावांतून लोक गेले, त्यात हेही. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. सोबतचे पळाले, हे उभे राहिले. बरगड्यांवर मार बसला.

"लोक बोलतात शूर होता," सासूबाई सांगायच्या. "माजी आवस बोलायची, कसला शूर! मिठाने पाय फुटलेले, पलनार कसा?" आणि आईचं हे वाक्य सांगून स्वतःच खो खो हसायच्या.

त्याच संध्याकाळी ते घरी आले, आपल्या पायांनी. जेवले. आठपंधरा दिवस मिठागरावरही गेले. मग खोकल्यातून रक्त पडायला लागलं, अंथरूण धरलं, आणि होळीच्या आधी गेले. स्वातंत्र्यानंतर तालुक्याला हुतात्म्यांचा दगड उभा राहिला. जे तिथे रस्त्यावर पडले त्यांची नावं त्यावर आहेत. यांचं नाव नाही. कोणी लिहून घ्यायला आलं नाही आणि सासूबाईंच्या आईला कुठे जाऊन सांगायचं ते कळलं नाही. फोटो तर नव्हताच.

"चालत आला ना घरी," सासूबाई म्हणायच्या, "म्हनून नाय लिवला."

सासरे आमच्याच कंपनीत बॉयलरवर होते. कंपनी नवी नवी सुरू झाली आणि पहिल्यांदा तीस जानेवारीचा भोंगा झाला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, हा आज मधेच कशाला वाजला? सासऱ्यांना चेष्टेची भारी हौस. ते म्हणाले, "तुज्या बापासाठी. मी साहेबाला सांगून लावलाय." सासूबाईंनी ते खरं मानलं. दोन वर्षं खरं मानलं. मग कुणीतरी खरी गोष्ट सांगितली, तेव्हा सासऱ्यांशी आठ दिवस बोलल्या नाहीत. पण पुढच्या तीस जानेवारीला पुन्हा ओट्यावर उभ्या. म्हणाल्या, "सगल्यांसाठी हाय ना, मग त्यात माजा बापूस नाय का?"

सासऱ्यांनीच मला कंपनीत चिकटवलं. मी सेफ्टीत गेले आणि भोंगा माझ्या हातात आला, तेव्हा घरात मला एकदम मान मिळाला. माझ्या स्वयंपाकाला सासूबाईंनी कधी बरं म्हटलं नाही. मासे मी फार धुते म्हणे, चवच घालवते. पण बाजारात, लग्नात, हळदीला, कोणी भेटलं की पहिलं वाक्य हेच, "ही माजी सून. कंपनीन भोंगा वाजवते." जणू मी विमान चालवते. तीस जानेवारीला संध्याकाळी घरी आले की त्या विचारायच्या, "आज चांगला लांब वाजवलास ना?" मी म्हणायचे, "पुरा मिनिट वाजवला, आई." त्यांना उभं राहिलेलं मात्र मी पुन्हा पाहिलं नाही, कारण त्या वेळी मी पावण्यात घड्याळाकडे बघत असायचे.

हे सगळं असं सुरळीत चाललं होतं, ते मी बिघडवलं. कसं, ते सांगायला मला जड जातं, म्हणून भराभर सांगते.

दोन वर्षांपूर्वीची जानेवारी. महिन्याच्या शेवटी ठेकेदाराने पॅकिंगला तीसेक नवी माणसं आणली, बहुतेक बिहार आणि ओडिशाकडची. नवा माणूस आत आला की त्याला तासभर बसवून शिकवावं लागतं. तुटक तुटक भोंगा म्हणजे गॅस सुटला, वाऱ्याची दिशा बघून गेटाजवळच्या पिवळ्या चौकोनात पळा. सलग लांब भोंगा म्हणजे धोका टळला. हे शिकवणं माझं काम. त्या दिवशी ऑडिटचे कागद पुरे करायचे होते, आणि एका जागी बसून तीच तीच गोष्ट तासभर सांगायची म्हटलं की माझ्या जिवावर येतं. मी म्हटलं, उद्या घेते. वहीवर मात्र सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या, की शिकवलं म्हणून.

उद्या तीस जानेवारी होती.

अकराला एक मिनिट कमी असताना मी बटण दाबलं. खिडकीतून पॅकिंगचा माल चढवायचा धक्का दिसतो. नव्या माणसांनी पावण्यातल्या गॅसबद्दल जे काय ऐकलं असेल ते ऐकलंच असणार. भोंगा ऐकताच एक जण पळाला, मग सगळे पळाले. जुने कामगार माना खाली घालून उभे आणि नवे त्यांच्यामधून वाट काढत धावतायत, असं ते दृश्य होतं. धक्क्याच्या पायऱ्यांवर एक जण पडला. चाळिशीचा असेल. मागचे दोघे त्याच्यावरून गेले.

मी खाली गेले तेव्हा तो एका हाताने दुसरा हात धरून प्रथमोपचार खोलीकडे येत होता. कोपराखाली हात वाकडा दिसत होता. मला बघून त्याने विचारलं, "कितने मरे, मैडम?"

मी चिडले होते, घाबरले होते. मी म्हटलं, "कोई नहीं मरा." हुतात्मा दिनाचा भोंगा मीच वाजवला होता आणि मीच त्याला असं सांगितलं.

मग अहवाल. त्यात मी नेहमीचं वाक्य लिहिलं, "कामगार स्वतः चालत प्रथमोपचार खोलीत आला." हे वाक्य आम्ही सगळेच लिहितो. माणूस चालत आला म्हटलं की इजा किरकोळ ठरते आणि पुढचे पाचसहा फॉर्म भरावे लागत नाहीत. ठेकेदाराच्या गाडीतून त्याला पाठवून दिलं. तो परत कामावर आला नाही, आणि त्याच्या जागी दुसरा आला.

साहेबांनी विचारलं, या लोकांना भोंग्याचं शिकवलं होतं का? मी वही पुढे केली. सह्या होत्या. मग चूक कोणाची? साहेब म्हणाले, चूक भोंग्याची. केमिकलच्या कंपनीत धोक्याशिवाय भोंगा वाजवायचाच कशाला? पुढच्या वर्षापासून मौनाची सूचना आतल्या स्पीकरवर द्यायची, भोंगा फक्त धोक्याला. त्या कागदावर सेफ्टी खात्याची सही लागत होती. मी केली. दोष भोंग्यावर गेला आणि मी तो जाऊ दिला. माझी नोकरी राहिली, आणि सासूबाईंचा भोंगा गेला. वर्ष लांब आहे, तोवर काहीतरी होईल, असं मी मनाला सांगितलं.

वर्ष कुठलं लांब! गणपती आले आणि गेले. दिवाळीत सासूबाई चिवड्याचा डबा काढायला स्टुलावर चढल्या. ब्याऐंशी वर्षांची बाई, घरात आम्ही दोन धडधाकट माणसं, आणि ही स्टुलावर. पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. घरी आल्या त्या वॉकर घेऊन. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, तिला त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "मी कवा उबी रेन?"

ती म्हणाली, "आजी, उभ्या तर आताच आहात."

"हे धरून नाय. हात सोरून. दोन मिनटं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावरची पुसलेली फरशी परत पुसायला घेतली.

तेव्हापासून रोज सकाळी मी कामावर जायच्या आधी आमचा अभ्यास चालायचा. सासूबाई ओट्यावर वॉकर धरून उभ्या राहायच्या, मग एकेक हात सोडायचा. मी मोबाईलवर वेळ लावायचे. पहिल्या दिवशी अकरा सेकंद. "किती झालं?" "अकरा." "खोटा बोलतेस." आठवड्याने वीस. नाताळात एक मिनिट. त्यांचे पाय थरथरायचे, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मी समोर उभी राहून त्यांना धरायला हात पुढे करून ठेवायचे, आणि माझे हात त्यांच्या पायांपेक्षा जास्त थरथरायचे. एकदा त्या म्हणाल्या, "तू आधी सरल उबी रहा गो. तुना बगून मी परन."

रोज ठरवायचे, आज सांगते. अभ्यास झाला की त्या इतक्या खूश असायच्या की जीभ उचलायची नाही. एकदा सुरुवात केली, "आई, भोंग्याचं म्हणजे..." त्यांनी लगेच तोडलं, "ह्या वर्साला जरा लांब वाजव. मना उठाला वेल लागतो." मी म्हटलं, "बरं." बरं म्हणाले मी! त्यानंतर दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, तीन वेळा कॅन्टीनला गेले आणि तीनदा चहा अर्धा टाकून आले.

साहेबांकडेही गेले. म्हटलं, या वर्षी भोंगा वाजवूया, मी आधी सगळ्यांना सांगते, गेटावर बोर्ड लावते. ते म्हणाले, "मॅडम, कागदावर तुमचीच सही आहे. आता परत वाजवायचा तर परत चौकशी. मागच्या वहीपासून सगळं निघेल. चालेल?" त्यांना वहीचं माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही. मी म्हटलं, "राहू दे, सर."

शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो कळंबोलीला लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. दिवसभर ड्रायव्हरांशी डोकेफोड केलेली असते, त्याला कुठलीच गोष्ट फार अवघड वाटत नाही. तो म्हणाला, "टेन्शन काय घेतेस? मोबाईलवर भोंगा मिळतो. हळदीचा स्पीकर माळ्यावर आहे, गच्चीवर ठेव आणि लाव. आईला काय कलतंय, कंपनीतून आला की गच्चीतून."

मला ते पटलं. म्हणजे इतकं पटलं की रात्री नीट झोप लागली. मी भोंगा शोधला, अगदी आमच्यासारखा, सलग आणि लांब. रजा टाकली. तीस तारखेला सकाळी स्पीकर गच्चीवर खाडीच्या बाजूला नेऊन ठेवला, मोबाईलला जोडला, हळू आवाजात एकदा तपासून पाहिला. सगळं तयार झालं.

सासूबाई पहाटेपासून तयार होत्या. न्हाल्या, धुवट लुगडं नेसल्या, केसांना तेल लावून घेतलं. दहा वाजल्यापासून ओट्यावर खुर्चीत. मला घरी बघून त्या चकित झाल्या. "तू आज हितं? मंग भोंगा कोन वाजवेल?"

"दुसरी आहे एक," मी म्हटलं. हेही खोटंच.

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सा तू तिकरं. आज दोगी उब्या राव."

दहा पंचावन्नला मी त्यांना उठवलं. चपला त्यांनी स्वतः पायाने सरकवल्या. वॉकर धरून ओट्याच्या कडेला आल्या. पूर्वी तिथून खाडी दिसायची, आता समोरच्या इमारतीच्या दोन खांबांमधून तिची पट्टी दिसते. त्या पट्टीकडे त्यांनी तोंड केलं. मी शेजारी उभी राहिले, मोबाईल पदराखाली, अंगठा काचेजवळ धरलेला.

एक मिनिट कमी. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आता होईल अशी.

अंगठा उचलला गेला नाही, खाली टेकला नाही. मला एकदम दिसलं की मी परत तेच करते आहे. वहीवर सह्या घेतल्या तेव्हा शिकवल्याचं सोंग केलं, आता भोंग्याचं सोंग करते आहे. आणि ही म्हातारी अडीच महिने रोज घाम गाळून खरी उभी राहायला शिकली. मी बटण दाबलं नाही.

अकरा वाजले. शेजारच्या घरात मिक्सर चालू होता. गल्लीतून स्कूटर गेली. सासूबाईंनी एक हात सोडला, भोंग्याची वाट बघत. मग दुसरा सोडला. न वाजताच. त्यांना वाटलं असावं, वाजेलच आता. अकरा वाजून एक. दोन. त्या वाट बघत उभ्या, हात दोन्ही बाजूंना, आणि पाय थरथरायला लागलेले. भोंगा सुरूच झाला नाही तर मौन संपणार कसं? त्या बसणार कशा? अकरा वाजून तीन. इतका वेळ त्या अभ्यासातही कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"आई, बसा," मी म्हटलं. "भोंगा नाही वाजणार."

त्या हलल्या नाहीत.

"भोंगा बंद केलाय कंपनीने. गेल्या वर्षीच ठरलं. आणि तो माझ्यामुळे बंद झाला." मग मी सगळं सांगितलं. शिकवलं नाही ते, सह्या घेतल्या ते, पळापळ, पायऱ्या, तो माणूस, त्याचा हात, साहेब, माझी सही. गच्चीवरच्या स्पीकरचंही सांगून टाकलं. रडत होते की नाही आठवत नाही, पण भराभर बोलत होते, आणि हातातला मोबाईल या हातातून त्या हातात फिरत होता.

"मना बसव," त्या म्हणाल्या.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी गुडघे चोळले. मला वाटलं आता ओरडतील. बाजारात ज्याची बढाई मारली ते सगळं मी मातीत घातलं होतं. मी त्या शिव्यांची वाटच बघत होते, शिव्या पडल्या की मोकळं वाटतं.

"त्याचा हात जुलला का?" त्यांनी विचारलं.

"कोणाचा?"

"जो परला त्याचा."

मला माहीत नव्हतं. मी चौकशी केली नव्हती. ठेकेदाराला एक फोन केला असता तर कळलं असतं. वर्षभर मला भोंग्याचं टेन्शन होतं, सासूबाईंचं होतं, वहीचं होतं. त्या माणसाचं नाव अहवालात मी माझ्या हाताने लिहिलं होतं आणि ते मला आठवत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तो... तो आपल्या पायांनी चालत गेला होता."

सासूबाई खाडीच्या पट्टीकडे बघत म्हणाल्या, "चालत गेला ना. मंग कोन इचारनार."

मिक्सर थांबला होता. मला वाटलं आता आत जावं, स्पीकर उतरवावा, भात लावावा, काहीतरी करावं. मी वळलेसुद्धा.

"कुटं चाललीस?" त्या म्हणाल्या. "चपला कार. उबी रहा."

"आता?"

"माजा झाला. तू नाय केलास अजून. एकदाही नाय केलास. मी सांगन तवर हलू नको."

मी चपला काढल्या. फरशी पायाला गार लागली. मोबाईल त्यांनी माझ्या हातातून काढून आपल्या मांडीवर उलटा ठेवला, म्हणजे वेळ दिसायला नको. मी ओट्याच्या कडेला उभी राहिले, हात दोन्ही बाजूंना. लगेच मानेला खाज आली. मग बोटं वळवळायला लागली. मी खाडीच्या पट्टीकडे पाहिलं. तो माणूस डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. कपाळाला पिवळा टॉवेल बांधला होता. दाढीचे खुंट पांढरे. एका हाताने दुसरा हात धरला होता. कोणता हात? डावा की उजवा? मी फार आठवून पाहिलं. अहवालात लिहिलं असेल, पण मला आठवेना. जेवायचा हात होता का तो? घरी जाऊन कोणी भरवलं असेल त्याला? पायात कळ यायला लागली. डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवर आलं आणि ते पुसायलाही मी हात उचलला नाही. पायांना इतकं जड कधी वाटलं नव्हतं. किती वेळ झाला असेल, पाच मिनिटं, दहा? मागून सासूबाईंच्या श्वासाचा आवाज येत होता.

"झाली का दोन मिनिटं, आई?" मी विचारलं.

"बोललीस," त्या म्हणाल्या. "आता परत पयल्यापासना."